आक्काच्या अंघोळीची खुर्ची

चकचक हे काही माणसाचं नाव नव्हे, पण अख्खी गल्ली त्याला त्याच नावाने ओळखत होती. जुन्या लाकडाला पॉलिश करायचं हा त्याचा धंदा. कळकट कपाट, डाग पडलेलं टेबल, पोरांनी गिरगटून ठेवलेला पलंग, काहीही आणून टाका आणि आठवड्याने येऊन त्यात आपलं तोंड बघा. काम झालं की तो पालथा हात लाकडावरून फिरवी. तळव्याला घट्टे पडले होते, त्यामुळे तळव्यावर त्याचा विश्वास नव्हता. पालथ्या हाताला एवढंसं कुसळ जरी लागलं तरी पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा पॉलिशचा बोळा. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं होतं, "अहो, पुरे आता! मुंग्यांसाठी घसरगुंडी करायचीय का?" चकचकला तो टोमणा कळलाच नाही. कौतुक समजून तो दिवसभर खूश होता.

काळजी करणं हा त्याचा दुसरा धंदा. त्यात मिळकत काही नव्हती, पण मन लावून करायचा तो हाच. बाहेर पडल्यावर कुलूप पाहायला परत यायचं, गॅस बंद केला तरी वास घ्यायचा, बायकोला बाजारातून यायला उशीर झाला की गॅलरीत उभं राहून रस्त्यावरची प्रत्येक साडी निरखायची. बायको म्हणे, "मन चिंती ते वैरी न चिंती. तुम्हाला वैऱ्याची गरजच नाही." पण आता खरीखुरी काळजी घरात येऊन बसली होती आणि तिच्यापुढे बायकोचीही थट्टा आटली होती.

आक्का बाथरूममध्ये पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती वॉकर घेऊन घरी आली.

आक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, पण नुसतं बहीण म्हणणं खरं नाही. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की त्याला आईचा चेहरा आठवायचा म्हटलं तरी आक्काचाच आठवे. आक्काने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि कानाला हेडफोन लावून तिने आयुष्य काढलं. लांबच्या गावचे फोन जोडून द्यायचे, आणि मधूनमधून लाइनीवर येऊन विचारायचं, "बोलणं चालू आहे का?" बोलणारे म्हणायचे, "चालू आहे," की ही बाजूला. काहीच आवाज आला नाही तर लाइन तोडायची. हे विचारायची तिला इतकी सवय लागली की दुपारपाळीला गेली की ती खालच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात फोन करी. इस्त्रीवाला हाक मारी, शाळेतून आलेला चकचक जिना उतरून धावत येई, आणि पलीकडून आक्का विचारी, "बोलणं चालू आहे का?" तो म्हणे, "चालू आहे." बस्. जेवलास का, पडलास का, रडतोयस का, सगळं त्यात आलं. इस्त्रीवाल्याला वाटे, ही दोघं येडपट आहेत.

रविवारी मात्र ती त्याला स्वतः अंघोळ घाली. कानामागे घासताना तिच्या हाताला दयामाया नसे. तो बोंबलायचा आणि ती म्हणायची, "कानामागचा मळ म्हणजे पहिल्या नंबरचा लबाड. दिसत नाही म्हणून राहतो." तो साठीला आला तरी ती त्याला बारक्याच म्हणे.

आणि आता हीच आक्का बायकोच्या हातून अंगपुसणं करून घेत होती. डोळे मिटून, तोंड भिंतीकडे करून, एक शब्दही न बोलता. बायको बिचारी जमेल तितक्या मायेने करायची. पण बाहेर येऊन म्हणायची, "वन्सं रडत नाहीत, ओरडत नाहीत. मला तेच बघवत नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आता खुर्चीवर बसून स्वतः अंघोळ करायला हरकत नाही. मग स्टूल आलं. प्लॅस्टिकचं. आक्का चांगली भरदार बाई. ती बसली तशी स्टुलाचे पाय फाकले. दुसरी आली ती औषधांच्या दुकानातली पांढऱ्या नळ्यांची खुर्ची. तिच्यावर बसून आक्का म्हणाली, "ही परत कर. हिच्यावर बसलं की मी अजून वॉर्डातच आहे असं वाटतं." त्याच संध्याकाळी तिने दोघांना समोर बसवलं.

"हे बघा," ती म्हणाली, "मी एकटी अंघोळ करू शकले तर इथे राहीन. नाही जमलं तर मी मैत्रिणीकडे जाते."

ही मैत्रीण एक्स्चेंजमधलीच. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात राहायची.

"अगं पण का? आम्ही काय परके आहोत?" चकचकचा आवाज आत्ताच चिरकायला लागला होता.

"तेच तर. तिथे बाया पगारी असतात. पगारी माणसापुढे लाज वाटत नाही रे बारक्या. घरच्यांपुढे वाटते."

आक्का आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. एक्स्चेंजमधली माणसं काढून यंत्रं आली तेव्हा तिथलं सामान मोडीत निघालं, आणि आक्काने आपली खुर्ची मागून आणली होती. अस्सल सागवानी, रुंद हातांची, वेताच्या बैठकीची. चकचक तिला दरवर्षी पॉलिश करी. आक्काने खुर्चीच्या हातांवर दोन थापा मारल्या आणि म्हणाली, "हिच्यावर मी जन्म काढला. कधी पडले नाही. हीच घाल बाथरूममध्ये."

"ही? पाण्यात? आक्का, लाकूड आहे ते!"

"होड्या कशाच्या असतात रे?"

"लाकडाच्या."

"मग?"

दुसऱ्या दिवशी खुर्ची त्याच्या कामाच्या खोलीत गेली. आणि त्याच्या काळजीला जे धुमारे फुटले ते विचारू नका. पाण्याने सांधे सैल पडले तर? सगळे सांधे उकलून, साफ करून, पाण्याला दाद न देणाऱ्या सरसाने पुन्हा बसवले. खिळे गंजले तर? लोखंडाचा एकूण एक खिळा उपटून पितळी स्क्रू घातले. वेत कुजेल. वेत काढला आणि सागाच्या पट्ट्या बसवल्या, पाणी निथळून जावं म्हणून दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवली. पाय फरशीवर सरकले तर? कुबडीच्या टोकाला असतात तसले रबरी बूट चारही पायांना घातले. लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, म्हणून होडीला लावतात तसलं वार्निश आणलं. एक हात दिला, वाळू दिला, घासला. दुसरा हात दिला, घासला. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी पालथा हात फिरवला. हाताला काही लागलंच नाही.

मग परीक्षा. खुर्चीवर त्याने सिमेंटची पोती ठेवली. स्वतः बसला. उभा राहिला. उड्या मारल्या. बायकोला मांडीवर बसवून घेतलं, तेव्हा तिने आधी दार लोटून घेतलं. खुर्ची हूं की चूं करेना. बायको बैठकीत वाकून पाहत म्हणाली, "आरसाच केलात की हो!" आणि चकचकच्या जिवाला कितीतरी दिवसांनी थोडा थंडावा मिळाला.

खुर्ची बाथरूममध्ये गेली. हाताशी बादली, तांब्या, साबण. आक्का वॉकर टेकत आली, खुर्ची पाहिली, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली.

"कडी मात्र लावू नकोस हं आक्का."

"कडी लावल्याशिवाय मी आयुष्यात अंघोळ केली नाही."

"अगं पण काही झालं तर..."

"काही झालं तर विचार ना. विचारता येतं ना तुला?"

कडी वाजली. चकचक बाहेर लाकडी स्टुलावर बसला. बसला कसला, टेकला आणि उठला. कपडे खुंटीला लावल्याचा आवाज. खुर्चीवर बसल्याचा आवाज. तांब्या बादलीत बुडाला. पहिलं पाणी अंगावर पडलं.

"आक्का! बोलणं चालू आहे का?"

"चालू आहे," आतून उत्तर आलं, अगदी एक्स्चेंजच्या आवाजात.

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने पदर डोळ्यांना लावला. पाणी पडत होतं, आणि पाण्याचा आवाज येत राहील तोवर सगळं ठीक आहे असा हिशेब त्याने मनाशी बांधला होता. मग पाणी थांबलं. साबण लावत असेल, त्याने स्वतःला समजावलं. समजावलेलं फार वेळ टिकलं नाही.

"आक्का, बोलणं चालू आहे का?"

"चालू आ..."

काहीतरी सर्रकन गेलं. बादली आडवी झाली, तांब्या गडगडत भिंतीला आपटला. त्यानंतर काहीच नाही. दाराच्या फटीखालून साबणाचं पाणी मात्र बाहेर आलं.

"आक्का! आक्का, बोल! बोलणं चालू आहे का? आक्का!"

त्याने दाराला खांदा दिला. पहिल्यांदा दार हललंही नाही, दुसऱ्यांदा कडी चौकटीतून उपटून आली. आणि दार उघडलं त्याच क्षणी त्याने मान फिरवली. एवढ्या घाबरगुंडीतही ते त्याच्या लक्षात होतं. बायको त्याच्या हाताखालून आत घुसली.

"पडल्या नाहीत!" तिचा आवाज आला. "हात अडकलाय खुर्चीच्या हातात. लोंबकळतायत. वन्सं, माझ्या गळ्यात हात टाका. टाका म्हणते ना!"

आक्का बैठकीवरून घसरली होती आणि खुर्चीच्या हाताला काखेत धरून अधांतरी राहिली होती. तोंडून शब्द फुटत नव्हता. हाड शाबूत होतं. काखेत काळंनिळं झालं, तेवढ्यावर निभावलं. बायकोने तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं. आक्काने दोघांपैकी कुणाकडेही पाहिलं नाही. दुपारी तिने फोन जवळ ओढला आणि मैत्रिणीला विचारलं, "तुझ्या शेजारची खोली रिकामी झालीय म्हणालीस, ती अजून आहे का?" खोली होती. फक्त परवापर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. फोन ठेवल्यावर ती चकचकला म्हणाली, "आधी त्या दाराची कडी बसव. उघडं दार बरं दिसत नाही."

त्याने कडी बसवली. मग खुर्ची कामाच्या खोलीत नेली आणि दार लावून तिच्यासमोर बसला. कोणता सांधा दगा देऊन गेला? सगळे हलवून पाहिले. एकही हलेना. पट्टी वाकली का? नाही. रबरी बूट सरकले का? जागच्या जागी. खुर्चीत काहीच बिघडलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटायला लागली. चूक सापडली तर दुरुस्त करता येते. न सापडलेल्या चुकीपुढे माणसाने काय करावं? तर आक्का जाणार. कोपऱ्यातली तिची जागा रिकामी होणार. संध्याकाळी घरी यावं आणि "आलास का रे बारक्या?" असं कुणी म्हणू नये, हे त्याला आता अगदी स्पष्ट दिसायला लागलं, आणि तो हुंदका देऊन रडला.

रडून झाल्यावर खुर्चीवरचं साबणाचं पाणी पुसायला म्हणून त्याने सवयीने पालथा हात बैठकीवर ठेवला. हात सुळकन निसटून खाली गेला.

त्याने पुन्हा ठेवला. पुन्हा निसटला. तांब्याभर पाणी ओतून, साबण चोळून त्याने हात टेकला, तर हात काही थांबायला तयार नाही.

मुंग्यांची घसरगुंडी. त्या गिऱ्हाइकाचा टोमणा इतक्या वर्षांनी त्याच्या डोक्यात शिरला. सांध्यांची काळजी केली, खिळ्यांची केली, वेताची, फरशीची, सगळ्या जगाची केली. फक्त आपल्या पॉलिशची केली नाही, कारण त्याची काळजी करायची असते हेच त्याला माहीत नव्हतं. परीक्षाही घेतली ती कोरड्या खुर्चीवर, अंगात जाड विजार घालून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्याने सगळ्यात जाडा, खरखरीत पॉलिश पेपर काढला. हातात घेतला आणि तसाच थांबला. गुळगुळीत लाकूड खरबरीत करायचं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. पहिला फटकारा मारला तेव्हा त्याच्याच अंगावर शहारा आला. दुसरा मारला. मग मात्र तो इरेला पेटला. वार्निशचा चकचकीतपणा पार उतरवला, प्रत्येक पट्टीला करवतीने आडव्या उथळ खाचा पाडल्या, खाचांच्या कडा अंगाला टोचू नयेत एवढ्याच मोडल्या, आणि बैठक मागच्या बाजूला किंचित उतरती केली. वरून वार्निशचा एकच पातळ हात दिला आणि तो घासला नाही. काम झाल्यावर पालथा हात फिरवला. हात ठायी ठायी अडला. दिसायला खुर्ची भिकार दिसत होती. गिऱ्हाइकाची असती तर त्याने ती रात्रीतून लपवली असती.

वार्निश वाळल्यावर, खोलीबद्दल कळवायच्या दिवशी, बायको बाजारात गेलेली असताना त्याने खुर्ची बाथरूममध्ये ठेवली आणि आक्कापुढे जाऊन उभा राहिला.

"आक्का, चूक माझी होती. मी ती फार गुळगुळीत केली होती."

"असू दे रे. झालं ते झालं." ती खिडकीबाहेर पाहत होती. "मला आता भीती वाटते, आणि भीती वाटते हे कबूल करायचंही जिवावर येतं. नको ती खुर्ची."

"तू बसू नकोस. मी बसतो. तू फक्त बाहेर थांब आणि विचार."

आक्काने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू याच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण तिने वॉकर जवळ ओढला. तिला बाहेरच्या स्टुलावर बसवून तो चड्डीवर आत गेला आणि कडी लावली. तिने केलं ते सगळं तसंच करायचं, असं त्याने ठरवलं होतं. पाणी घेतलं. अंगभर साबण फासला, बैठकीवरही फासला.

"बोलणं चालू आहे का?" बाहेरून आवाज आला. जरा नाइलाजाचाच.

"चालू आहे."

आता तो मुद्दाम घसरायला लागला. पुढे सरकून पाहिलं, खाचांनी धरलं. पाय वर उचलून पाहिलं, धरलं. डोक्यावर तांब्या उपडा केला, डोळे गच्च मिटले, खुर्चीचे हात सोडले आणि सगळा भार पुढे टाकून, दात ओठ खात तो घसरायची खटपट करू लागला. कानांत साबण, नाकात पाणी. साठीचा माणूस लाकडाशी असा झगडत होता, आणि लाकूड त्याला सोडत नव्हतं. त्याला हसू यायला लागलं. तो पुन्हा एकदा जोर लावणार, तेवढ्यात दारावर काहीतरी दणकन आदळलं.

"बारक्या! बारक्या, बोल ना रे! अरे बोल! बोलणं चालू..."

हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. एक्स्चेंजचा नव्हता, कानामागे घासणारीचाही नव्हता. बारीक, फाटलेला, म्हाताऱ्या बाईचा आवाज होता तो. त्याने धडपडत कडी काढली.

आक्का चौकटीला धरून उभी होती. वॉकर पलीकडे आडवा पडला होता. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साबणाने माखलेला, जिवंत, धडधाकट.

"किती वेळा विचारलं मी! किती वेळा! कानात काय बोळे घातले होतेस का?"

"आक्का, मी घसरत होतो. म्हणजे घसरत नव्हतो. म्हणजे कितीही केलं तरी..."

तिने त्याच्या ओल्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्याच हाताने त्याचा दंड धरला तो सोडेना. त्याने तिला स्टुलावर बसवलं आणि आपण तिच्या पायाशी फरशीवर बसला. साबण अंगावर वाळत होता.

"बाहेर बसलं की असं होतं होय रे?" ती म्हणाली.

"असंच होतं."

"त्या दिवशी तुला फार वेळ असं झालं का?"

त्याने मान हलवली. आक्काने त्याचा कान धरून मागे पाहिलं आणि म्हणाली, "जा, नीट धू. अजून साबण आहे."

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. चकचक स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभा होता आणि बायको त्याचा हात धरून. बाहेर आक्का म्हणत होती, "नाही गं, खोली दुसऱ्या कुणाला तरी दे. उद्या अंघोळ करून बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का बाथरूममध्ये गेली. दार लोटलं. चकचक कडीच्या आवाजाची वाट पाहत राहिला. कडी वाजलीच नाही. बायकोने त्याला स्टुलावर दाबून बसवलं आणि बजावलं, "सारखं सारखं विचारायचं नाही. त्यांना निवांत करू द्या." त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. तांब्या बुडाला, पाणी पडलं. पाणी थांबलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले आणि बायकोकडे पाहिलं. बायकोने बोट नाचवलं.

"बारक्या!" आतून हाक आली.

"काय गं?"

"आहेस ना रे बाहेर?"

"आहे."

"मग विचारत का नाहीस?"